दुकानाच्या अलार्मला फोन जोडताना: ऑटो डायलरचं सेटिंग पहिल्यापासून

शटरला सेन्सर लागला, आत हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर बसला, बाहेर हूटर टांगला, की दुकानाला अलार्म झाला असं आपण धरून चालतो. पण बाजारपेठेत रात्री दोनला हूटर वाजला तर तो ऐकणार कोण? माडीवरचे कूस बदलून झोपतात, गुरखा पुढच्या गल्लीत असतो आणि मालकाचं घर चार किलोमीटरवर. त्याला झोपेतून उठवायचं काम पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला जोडलेल्या ऑटो डायलरचं: अलार्म वाजला की तो भरून ठेवलेल्या नंबरांना आपोआप फोन लावतो. नेमकं त्याचंच सेटिंग सगळ्यात घाईत उरकलं जातं. टेक्निशियन हत्यारं पिशवीत भरता भरता "नंबर सांगा" म्हणतो, मालक दोन नंबर सांगतो, एक टेस्ट कॉल वाजतो आणि सगळे मोकळे होतात.

पहिल्यांदा अलार्म बसवणारे दुकानदार, पतसंस्थांचे शाखाधिकारी आणि या धंद्यात नव्याने उतरलेली टेक्निशियन मुलं यांच्यासाठी हे लिहितो आहे. बटणं आणि कोड दर कंपनीचे वेगळे, ते मॅन्युअलमध्ये बघावेच लागतील. पण कुठल्या रकान्यात काय भरायचं आणि का, हे सगळीकडे जवळपास सारखं आहे. एक हिशेब सुरुवातीपासून डोक्यात ठेवा: माणूस जागा झाला, काय झालंय ते त्याला कळलं आणि तो घरातून निघाला, तेव्हा डायलरचं काम झालं. पुढची प्रत्येक पायरी या हिशेबाने करायची.

पायरी १: फोन कशावरून जाणार ते ठरवा

डायलर दोन तऱ्हेचे. एक लँडलाइनवर चालतो, दुसऱ्यात सिम कार्ड बसतं. काही पॅनेलमध्ये दोन्ही असतात. तशी सोय असेल तर दोन्ही वापरा: एक मुख्य, दुसरा राखीव. लँडलाइनची वायर कापता येते आणि सिमचं नेटवर्क जाऊ शकतं, पण दोन्ही एकाच रात्री बंद पडणं अवघड.

सिमवाला डायलर घेताना आधी त्याचं लेबल वाचा. स्वस्तातले बरेच डायलर अजूनही फक्त टूजीवर चालतात. जिओचं जाळं पहिल्यापासून फोरजीचं, त्यांच्याकडे टूजी नाहीच. टूजी डायलरमध्ये जिओचं सिम घातलं तर नेटवर्कचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. अशा डायलरला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागतं, आणि त्यातलंही दुकानाच्या आत, शटर बंद असताना ज्याची रेंज चांगली आहे तेच. फोरजी डायलर असेल तर त्यावरून व्होल्टीई कॉल, म्हणजे फोरजीवरूनच बोलायचा कॉल जातो का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. काही मॉड्यूल फक्त डेटा आणि एसएमएसपुरती असतात.

लँडलाइन असेल तर ती तांब्याच्या तारेवरची आहे की फायबरवरची, हे बघा. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे दुकानातली लाइट गेली तरी फोन चालू राहायचा. फायबरची लाइन भिंतीवरच्या ओएनटी डब्यातून येते आणि तो डबा दुकानाच्या विजेवर चालतो. चोराने मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला की पॅनेल बॅटरीवर चालू राहतं, पण फोन मेलेला असतो. ओएनटीला छोटा यूपीएस लावा. हजार-दोन हजार वाचवायची ही जागा नव्हे.

पायरी २: सिम तयार करा

सिम मालकाच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्या, टेक्निशियनच्या नावावर नको. पुढे सिम खराब झालं, हरवलं की त्याच माणसाला शोधत फिरावं लागतं.

डायलरमध्ये घालण्याआधी ते एका साध्या मोबाइलमध्ये घाला आणि एवढी कामं करून घ्या: सिमचं पिन लॉक काढा, कॉल फॉरवर्डिंग बंद करा, साठलेले मेसेज पुसा, एक कॉल करून आवाज दोन्हीकडून नीट जातो का ते बघा. मेसेज पुसण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. सिमच्या मेमरीत मोजकेच एसएमएस मावतात. कंपनीचे ऑफरचे मेसेज येऊन ती भरली, की डायलरला तुमचा कमांडचा एसएमएस घेताच येत नाही. तुम्ही घरून पासवर्ड बदलायचा मेसेज पाठवता आणि डायलर ढिम्म. यावर उपाय म्हणून त्याच सिमवरून १९०९ ला फोन करून जाहिरातीचे कॉल आणि मेसेज बंद करून घ्या.

रिचार्जचं गणित आधीच सोडवा. २८ दिवसांचा पॅक मारला तर वर्षातून तेरा वेळा आठवण ठेवावी लागते आणि ती कधीतरी चुकतेच. व्हॅलिडिटी संपली की आउटगोइंग बंद, आणि डायलरला तर आउटगोइंगच लागतं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक देणं सक्तीचं केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मोकळीक दिली. डायलरसाठी असाच लांब मुदतीचा पॅक घ्या आणि संपायची तारीख पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

अँटेना पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. पेटीबाहेर, शटरपासून लांब, उंचावर चिकटवा. ती हूटरच्या किंवा माइकच्या वायरीजवळ असेल तर टूजी कॉल लागताना जी ओळखीची टर्र-टर्र येते, ती रेकॉर्ड केलेल्या निरोपावर चढते.

पायरी ३: लँडलाइन असेल तर वायर आणि शून्य

लँडलाइनची बाहेरून येणारी जोडी सर्वांत आधी पॅनेलमध्ये गेली पाहिजे आणि तिथून पुढे दुकानातल्या फोनकडे. पॅनेलवर त्यासाठी चार स्क्रू असतात: येणाऱ्या लाइनसाठी टिप आणि रिंग, पुढे जाणाऱ्या फोनसाठी टी-१ आणि आर-१. अशी जोडणी असेल तरच कोणी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला असला तरी पॅनेल ती लाइन तोडून स्वतःकडे घेतं. फोनच्या बरोबरीने नुसती समांतर वायर जोडली तर हे होत नाही. वायर सोलताना लाइन काढून ठेवा. एरवी तिच्यावर ४८ व्होल्टच्या आसपास असतात, पण त्याच वेळी रिंग आली तर चांगला झटका बसतो.

डायलिंगचा प्रकार 'टोन' ठेवा. 'पल्स' जुन्या एक्स्चेंजसाठी होतं.

आता शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावणं बंधनकारक आहे, तो मोबाइल शेजारच्या दुकानातला असला तरी. त्याआधी बसवलेल्या पॅनेलमध्ये स्थानिक मोबाइल नंबर बिनशून्याचे भरलेले असतात. तुमचं पॅनेल जुनं असेल, किंवा एखादी शाखा तयार अलार्मसकट ताब्यात आली असेल, तर आजच एकेक नंबर उघडून बघा. सिमवाल्या डायलरला हा नियम नाही, तिथे दहा आकडी नंबर चालतो.

ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या आत फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज असेल तर शक्यतो डायलरला त्यातून नेऊच नका, थेट लाइन द्या. नाइलाज असेल तर बाहेरची लाइन मिळवायचा आकडा, मग पॉज, मग ० आणि मोबाइल नंबर असा क्रम भरा. पॉज दोन-तीन सेकंदांचा हवा. तो नसला तर बाहेरची डायल टोन यायच्या आत पुढचे आकडे निघून जातात आणि कॉल भलतीकडे लागतो किंवा लागतच नाही. पॉजसाठी कोणतं बटण, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

पायरी ४: कोणाचे नंबर, कोणत्या क्रमाने

बहुतेक डायलरमध्ये पाच ते नऊ नंबर भरता येतात. जागा आहे म्हणून सगळ्या भरायच्या, असं करू नका. वेळेचा हिशेब मांडा.

ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलवरच्या रिंगची मुदत ३० सेकंद आणि लँडलाइनवरच्या रिंगची ६० सेकंद ठरवून दिली. म्हणजे मोबाइलसाठी डायलरमध्ये 'उत्तर नाही' ही वेळ ६० सेकंद ठेवण्यात काहीच अर्थ नाही, पलीकडची रिंग आधीच थांबलेली असते. कॉल लागायला लागणारा वेळ धरून ४० सेकंद पुरेत. दोन कॉलमधलं अंतर १० सेकंद धरलं, तर एका नंबरमागे ५० सेकंद जातात. पाच नंबर भरले आणि कोणीच उचलला नाही, तर चौथ्या नंबरची पाळी अडीच मिनिटांनी येते, आणि पूर्ण फेरी संपायला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. शटर उचकटून गल्ला रिकामा करायला एवढा वेळ भरपूर झाला.

म्हणून पहिला नंबर मानाने मोठ्या माणसाचा नको, दुकानापासून जवळ राहणाऱ्याचा हवा. पतसंस्थेत चेअरमन साहेबांचा नंबर पहिला टाकायची पद्धत आहे. चेअरमन साहेब तालुक्याच्या गावी राहत असतील तर त्यांना तिसरं ठेवा आणि शाखेच्या मागच्या आळीत राहणाऱ्या शिपायाला पहिलं, अर्थात त्याला विचारून आणि त्याने एकट्याने आत जायचं नाही हे ठरवून. दुसरा नंबर समोरच्या किंवा शेजारच्या दुकानदाराचा, ज्याच्या खिडकीतून तुमचं शटर दिसतं. चार नंबर पुरे. फेऱ्या दोन किंवा तीन ठेवा.

११२ किंवा पोलीस ठाण्याचा नंबर डायलरमध्ये टाकू नका. तिकडून माणूस प्रश्न विचारतो आणि इकडे रेकॉर्डिंग आपलंच बोलत राहतं. मांजर किंवा वाऱ्याने हललेलं शटर यामुळे वाजलेला प्रत्येक खोटा अलार्म त्यांची लाइन अडवतो. ज्याला पहिला कॉल आला त्याने खिडकीतून, कॅमेऱ्यातून खात्री करावी आणि स्वतः ११२ ला बोलावं. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, म्हणजे एका टोल फ्री नंबरवर दिलेला निरोप गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकदम जातो, तिथेही हेच. तो निरोप माणसानेच, खात्री करून द्यायचा.

पायरी ५: कॉल घेतला हे डायलरला कळवा

समोरच्याने फोन घेतला की नाही, हे लँडलाइनचा डायलर रिंगच्या ट्रिंग-ट्रिंगच्या ठेक्यावरून ओळखतो. आपल्याकडे अर्ध्या फोनांवर हॅलो ट्यून. रिंगऐवजी भजन किंवा लावणी ऐकू आली की डायलरला वाटतं फोन उचलला, आणि तो भजनालाच निरोप वाचून दाखवून पुढच्या नंबरकडे जातो, नाहीतर काम झालं म्हणून थांबतो. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती..." या टेपचीही तीच गत. डायलरमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांनी हॅलो ट्यून काढून टाकावी.

पण त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पोच. बऱ्याच डायलरमध्ये अशी सोय असते की निरोप ऐकून समोरच्याने एक ठरलेलं बटण दाबलं तरच कॉल पोचला असं धरायचं. हे सेटिंग चालू करा. बटण न दाबता फोन ठेवला, किंवा टेपनेच उत्तर दिलं, तर डायलर पुढचा नंबर लावतो. आणि कोणतं बटण दाबायचं हे घरच्या सगळ्यांना करून दाखवा, झोपेत मॅन्युअल आठवत नाही.

पायरी ६: निरोप

रेकॉर्डिंगला १० ते २० सेकंद मिळतात. त्यात दुकान, जागा, घटना आणि काय करायचं ते सांगा आणि तेच पुन्हा एकदा म्हणा, कारण पहिल्या वेळी ऐकणारा अर्धा झोपेत असतो. उदाहरणार्थ: "स्टेशन रोडच्या कापड दुकानात अलार्म वाजला आहे. शटर उघडल्याची शक्यता आहे. निरोप मिळाला असेल तर एक दाबा." झोनप्रमाणे, म्हणजे पॅनेलवर वेगळ्या जोडलेल्या प्रत्येक सेन्सर-गटाप्रमाणे वेगळे निरोप ठेवता येत असतील तर चोरी, आग आणि पॅनिक बटण यांचे तीन करा. आगीला पाण्याची बादली घेऊन धावायचं असतं आणि चोरीला लांबूनच बघायचं असतं, हा फरक निरोपातूनच कळला पाहिजे. रेकॉर्ड करताना पंखा बंद करा आणि ओळखीच्या आवाजात बोला.

एसएमएस मराठीत लिहिणार असाल तर तो ७० अक्षरांच्या आत बसवा. काना-मात्रा, वेलांटी हीसुद्धा त्यात मोजली जातात. रोमन लिपीत १६० बसतात. जुने डायलर देवनागरी पाठवतच नाहीत, नुसते चौकोन येतात. एक मेसेज स्वतःला पाठवून बघा. मेसेजवर भरवसा मात्र ठेवू नका, रात्री दोनला एसएमएसच्या टुणकन आवाजाने कोणी उठत नाही.

पायरी ७: कोणता झोन, किती उशीर

रोजच्या दाराच्या झोनला ३० सेकंदांचा एंट्री डिले ठेवा, म्हणजे सकाळी उघडताना कोड टाकायला वेळ मिळतो. मागची भिंत, छत, तिजोरी इथल्या सेन्सरना शून्य डिले. भगदाड पाडून आत येणाऱ्याला सवलत कशाला? पतसंस्थेच्या काउंटरखालचा पॅनिक स्विच 'सायलेंट' ठेवा: कॉल लगेच जावा, हूटर मात्र वाजू नये, कारण त्या वेळी समोर हत्यार घेतलेला माणूस उभा असू शकतो. धुराचा झोन २४ तास चालू राहणारा हवा, सिस्टीम बंद असली तरी.

लाइट गेल्याचा कॉल किंवा मेसेज जायला १५ ते ३० मिनिटांचा उशीर लावा. भारनियमनाच्या गावात प्रत्येक झटक्याला फोन वाजायला लागला की आठवड्याभरात लोक तो नंबर सायलेंट करून टाकतात, आणि मग खरा कॉलही तिथेच गाडला जातो. बॅटरी उतरल्याचा मेसेज मात्र लगेच यायला हवा.

पायरी ८: तुमच्या स्वतःच्या फोनचं सेटिंग

ही पायरी कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. रात्री बहुतेकांचा मोबाइल सायलेंटवर किंवा 'डू नॉट डिस्टर्ब'वर असतो. डायलर बिचारा फेऱ्यांवर फेऱ्या मारतो आणि फोन उशाशी मुकाट उजळत राहतो.

आधी डायलरचा नंबर 'दुकान अलार्म' या नावाने सेव्ह करा, नाहीतर अनोळखी नंबर गप्प करणारं सेटिंग किंवा स्पॅम ओळखणारं अॅप तो अडवेल. अँड्रॉइडवर त्या नावाला तारा लावा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये तारा लावलेल्यांचे कॉल येऊ द्या. आयफोनवर त्या संपर्काच्या रिंगटोनमध्ये 'इमर्जन्सी बायपास' चालू करा, मग फोन सायलेंट असतानाही त्या एका नंबरची रिंग वाजते. अँड्रॉइडवर मात्र रिंगरचा आवाजच शून्य करून झोपायची सवय असेल तर ताऱ्याचा उपयोग होत नाही. तिथे आवाज पूर्ण ठेवून डू नॉट डिस्टर्बच वापरा.

"दुसऱ्यांदा लगेच फोन आला तर वाजू दे" अशीही सोय दोन्हीकडे असते, पण तिच्यावर विसंबण्याआधी वरचा हिशेब आठवा. अँड्रॉइड १५ मिनिटांत आलेला दुसरा कॉल वाजू देतो, आयफोन फक्त तीन मिनिटांत आलेला. पाच नंबरांची फेरी चार मिनिटं दहा सेकंदांची असेल, तर आयफोनवाल्याला दुसरा कॉल उशिराच येणार आणि तो गप्पच राहणार. म्हणून बायपासच लावा. ते जमत नसेल तर पहिल्या माणसाचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही जागी भरा.

पायरी ९: सीएमएसला जोडायचं असेल तर

मोठ्या शाखा आणि सराफ पैसे देऊन मॉनिटरिंग केंद्राला, म्हणजे सीएमएसला जोडतात. तिथे फोन माणूस उचलत नाही, रिसीव्हर उचलतो, आणि डायलर त्याच्याशी 'काँटॅक्ट आयडी' नावाच्या पद्धतीने टोनमध्ये बोलतो. तुम्हाला केंद्राकडून चार आकडी खाते क्रमांक मिळतो. समजा निरोप गेला १२३४ १८ १ १३० ०१ ००३. यात १२३४ तुमचं खातं, १८ ही पद्धतीची खूण, १ म्हणजे नवी घटना (पूर्ववत झाल्यावर ३ जातो), १३० म्हणजे चोरी, ०१ विभाग आणि ००३ झोन. शेवटी तपासणीचा एक आकडा पॅनेल स्वतः जोडतं. ११० आग, १२० पॅनिक, ३०१ वीज गेली, ३०२ बॅटरी उतरली, ६०२ ठरावीक वेळेचा टेस्ट रिपोर्ट.

केंद्राच्या नंबरासमोर फॉरमॅट काँटॅक्ट आयडी आणि तुमच्या मोबाइलसमोर व्हॉइस, हे उलटसुलट करू नका, नाहीतर रात्री तुम्हाला नुसते बीप ऐकू येतील. ६०२ रोज पाठवा. तो आला नाही की केंद्राला कळतं की लाइन कापली गेली किंवा सिम बंद पडलं. फायबरच्या लाइनवर हे टोन कधी कधी बिघडून पोचतात. रिपोर्ट अर्धवट जात असतील तर केंद्राला सांगून इंटरनेट किंवा मोबाइल डेटावरून रिपोर्टिंग करून घ्या.

सीएमएस नसेल तरी डायलरमध्ये रोजचा एक टेस्ट एसएमएस लावता येत असेल तर लावा, संध्याकाळी आठ वाजता. तो आला नाही तर दुकान बंद करायच्या आधीच तुम्हाला कळेल.

पायरी १०: खरी टेस्ट

फॅक्टरी पासवर्ड, बहुधा १२३४, आधी बदला. ज्याला तुमच्या डायलरचं सिम माहीत आहे त्याला तोच पासवर्ड वापरून एका एसएमएसने सगळी सिस्टीम बंद करता येते. टेक्निशियन सेटिंगसाठी वापरतो तो इन्स्टॉलर कोडही बदलून घ्या आणि तो बंद पाकिटात तुमच्याकडे ठेवा.

मग मेन स्विच पाडा. पॅनेल बॅटरीवर आलं की शटरचा सेन्सर उघडा आणि कॉल लागत असताना बॅटरीवर मीटर धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी चांगली असेल तर हूटर आणि कॉल एकदम चालू असतानाही १२ च्या आसपास राहते. कॉल लागता लागता ती ११ च्या खाली घसरली किंवा डायलर बंद होऊन परत चालू झाला, तर बॅटरी बदलायला झाली. नुसता मिणमिणता दिवा बघून बॅटरी ठीक आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

यानंतर प्रत्येक झोन एकेक करून वाजवा आणि कोणता निरोप गेला ते ऐका. पहिल्या माणसाला फोन न उचलायला सांगा आणि दुसऱ्याकडे कॉल किती सेकंदांनी गेला ते घड्याळात बघा. एकाला फोन बंद ठेवायला सांगा. एकाला बटण न दाबता ठेवून द्यायला सांगा. आणि एक टेस्ट सगळ्यांना आधी कळवून, पण वेळ न सांगता, रात्री अकरानंतर घ्या. कोणाचा फोन वाजला आणि कोणाचा नुसता उजळला, हे सकाळी विचारा.

महिन्यातून एकदा एक झोन वाजवून बघा. कोणी नंबर बदलला, नोकरी सोडली, गाव बदललं, की त्याच दिवशी यादी बदला. दिवाळीत, लग्नसराईत किंवा पंढरीच्या वारीला घरातले सगळे एकदम बाहेरगावी जाणार असतील, तर जायच्या आधी पहिला नंबर गावात राहणाऱ्या कोणाचा तरी करा आणि त्याच्या फोनवर एक टेस्ट कॉल वाजवूनच निघा.